चुलीजवळची शाळा

(वाशिम जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षक आणि माता-पालक यांच्यासमोर उन्हाळी सुटीपूर्वी केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



उन्हाळ्याची सुटी आता तोंडावर आली आहे. विदर्भातील कडक उन्हाचा विचार करून आपल्याकडील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा काही दिवस उशिरा उघडतात. त्यामुळे मुलांचा घरातील मुक्काम थोडा लांबतो. या काळात मुले शिकलेले विसरतात, अशी शिक्षकांची तक्रार असते. त्यावर मातांचे उत्तरही ठरलेले असते : "आम्ही शिकलेल्या नाही, आम्ही काय शिकवणार ?" माझे आजचे भाषण या एका उत्तरासंबंधी आहे. ते उत्तर खरे नाही, आणि ते खरे मानल्यामुळे मुलांचे मोठे नुकसान होत आहे.

जी माता पाच माणसांच्या भाकरीला किती पीठ लागेल हे मुठीने ठरवते, तिला अंदाज आणि प्रमाण कळते. जी आधी डाळ चुलीवर चढवून ती शिजेपर्यंत भाजी निवडते, तिला वेळेची आखणी कळते. जी सुपात धान्य पाखडून खडा, कोंडा आणि दाणा वेगळे करते, ती वर्गीकरण करीत असते. पहिली ते पाचवीच्या गणिताचा आणि परिसर अभ्यासाचा पाया याच गोष्टींवर उभा आहे. अक्षरओळख नसणे ही उणीव आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेवढ्यावरून त्या मातेजवळ मुलाला देण्यासारखे काही नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

जुनाच विचार, नवी निकड

हा विचार आजचा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये सूतकताई आणि शेती यांच्याबरोबर स्वयंपाक व सफाई हीदेखील शिक्षणाची साधने मानली गेली. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. शहरातील बालवाड्यांची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, पाने, खडे आणि शंख-शिंपले हीच साधने केली. साधन महाग असले तरच शिक्षण चांगले होते, हा समज या दोघींनी प्रत्यक्ष कामाने खोटा ठरविला.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ही शिकवण पुन्हा आठवावी लागली. ज्या घरात मोबाईल नव्हता, किंवा एकच मोबाईल होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मुलापर्यंत धडा पोहोचणे कठीण होते. त्याच वर्षी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' या मालिकेने घरातील आणि परिसरातील वस्तूंतून पाठ मांडले. पुढे २०२२ मध्ये शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' अभियानातून गावोगावी मातांचे गट तयार झाले. आपला जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हा म्हणून निवडला गेला. त्या कार्यक्रमात पोषण आणि शिक्षण या दोन्ही विषयांवर भर आहे. जेवणाच्या ताटात हे दोन्ही विषय एकत्र येतात, म्हणून तेथूनच सुरुवात करू या.

चतकोर भाकरीचे गणित

चौथीतील मुलाला पुस्तकात एक छेद चार हा अपूर्णांक दिसला की ते बिचकते. तेच मूल घरी जेवताना "माय, चतकोर भाकर दे" असे सहज म्हणते. चतकोर म्हणजे भाकरीचा चौथा भाग, म्हणजेच पुस्तकातील एक छेद चार. परंतु या दोन गोष्टी एकच आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या घरात आणि बाजारात रोज ऐकू येतात. मुलाच्या हाती भाकरी द्यावी आणि चार जणांना सारखी वाटायला सांगावी. मग दोन चतकोर जोडले तर किती होतात, तीन जोडले तर किती, हे विचारावे. फळ्यावर जे आठवडाभर समजले नाही, ते कित्येकदा एका जेवणात समजते.

लहान मुलांसाठी तुरीचे किंवा हरभऱ्याचे दाणे पुरेसे आहेत. दहा-दहा दाण्यांच्या ढिगल्या कराव्यात. अशा दहा ढिगल्या एका वाटीत गेल्या की शंभर झाले. एकक, दशक आणि शतक मुलाला असे हाताने चाचपता येतात. मोजून झालेले दाणे धुऊन त्याच दिवशी शिजवावेत.

येथे शिकवण्याची रीत महत्त्वाची आहे. मूल विचारते, "माय, पानी किती टाकू वं ?" आपण घाईत असतो, म्हणून "दोन गिलास टाक" असे सांगून मोकळे होतो. त्याऐवजी "काल किती टाकलं होतं ? आज दोन पाहुणे जास्त आहेत, तर तूच सांग बरं" असे म्हणून क्षणभर थांबावे. प्रश्न विचारणे आणि उत्तराची वाट पाहणे, इतकेच शिक्षण मातेने द्यायचे आहे. उत्तर चुकले तर रागावू नये. भांड्यात माप घेऊन मुलालाच ताडून पाहू द्यावे.

पाहणे, ताडणे आणि नोंद ठेवणे

विज्ञानाच्या प्रयोगांना काचेची भांडी लागत नाहीत. मुगाचे दहा-दहा दाणे तीन वाट्यांत घ्यावेत. पहिल्या वाटीतील दाणे रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधावेत, दुसरे कोरडेच ठेवावेत आणि तिसरे पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावेत. दोन दिवसांनी मुलाला काय दिसते ते विचारावे. फडक्यातील दाण्यांना मोड येतात. कोरडे जसेच्या तसे राहतात. बुडालेले फुगतात, पण त्यांची वाढ खुंटते आणि पाण्याला वास येतो. बीज रुजायला पाणी हवे, तशीच हवाही हवी, हा धडा शेतकऱ्याच्या मुलाला लगेच पटतो, कारण पाणी साचलेल्या वावरातील पीक त्याने पाहिलेले असते. मोड उसळीत घालावेत आणि बुडालेले दहा दाणे कोंबड्यांना टाकावेत.

पांढऱ्या सदऱ्यावरील हळदीच्या डागाला साबण लावला की तो तांबडा होतो, हे प्रत्येक मातेला ठाऊक आहे. हळदीचे पाणी कागदावर लावून वाळवावे, त्यावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडावा आणि मग लिंबाचा. रंग आधी तांबूस होतो आणि लिंबाने पुन्हा पिवळा दिसू लागतो. आम्ल आणि आम्लारी हे शब्द मूल पुढे वरच्या वर्गात शिकेल. त्या वेळी त्याला ही हळद आठवेल.

उन्हाळा हा वाळवणाचा हंगाम आहे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलले जाते, मग चीक काढून तो शिजवला जातो. रोज गव्हाचा दाणा दाबून पाहावा, वास घ्यावा आणि वहीत एक ओळ लिहावी, एवढे काम तिसरीच्या मुलाला द्यावे. ओली कुरडई आणि वाळलेली कुरडई किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून पाहावी. मधले वजन कोठे गेले, या प्रश्नावर मुलाला दोन दिवस विचार करू द्यावा.

आजी सांगते, नातू लिहितो

भाषेच्या अभ्यासासाठी स्वयंपाकघरासारखी जागा नाही. तरोटा, घोळ, चिवळ, अंबाडी या भाज्यांची नावे आजीला माहीत असतात, नातवाला माहीत नसतात. आजीने सांगावे आणि नातवाने लिहावे. भाजी केव्हा उगवते, कशी निवडतात, कशाबरोबर शिजवतात, हे एका पानावर सहज मावते. ज्या आजीने कधी लेखणी धरली नाही, तिचे ज्ञान अशा रीतीने कागदावर येते आणि मुलाला लिहिण्यासाठी खरे कारण मिळते.

मानोरा आणि मंगरूळपीर भागातील तांड्यांवर मुलाची घरची बोली गोरमाटी असते. तेथे भाकरीला बाटी म्हणतात. मुलाने 'बाटी' लिहिले तर ते खोडू नये. शेजारी 'भाकरी' लिहून घ्यावे, म्हणजे दोन्ही शब्द त्याचे होतील. घरच्या भाषेतून शिकण्याचा आग्रह २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही धरला आहे.

इतिहास आणि भूगोलही ताटात सापडतात. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या राजधानीतील कोणीही मिरचीचा ठेचा खाल्लेला नव्हता, कारण मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर आली, त्याला सुमारे पाचशे वर्षे झाली. हे ऐकले की मुलांचे डोळे विस्फारतात. मग आजीला विचारायला लावावे : तुझ्या लहानपणी शिवारात काय पिकत होते ? ज्वारीची जागा सोयाबीनने कशी घेतली, हे त्या उत्तरातून मुलाला कळेल. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले. त्या भरडधान्यांत आपली ज्वारी आहे, हेही त्याला सांगावे.

शाळेच्या ताटाचा हिशेब

शाळेतील पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी ते १५० ग्रॅम, ३० ग्रॅम आणि ७५ ग्रॅम आहे. वर्गात ३७ मुले असतील तर तांदूळ ३ किलो ७०० ग्रॅम आणि डाळ ७४० ग्रॅम लागेल. अर्धा किलो डाळ किती मुलांना पुरेल ? पंचवीस. अशी उदाहरणे शिक्षकांनी सुटीपूर्वी मुलांना द्यावीत. तांदूळ आपल्या शिवारात फारसा होत नाही, भंडारा-गोंदियाकडे तो मुख्य पीक आहे. नकाशावर ते जिल्हे शोधायला सांगावेत. जे मूल हा हिशेब करू शकते, त्याला आपल्या ताटात काय आले पाहिजे हेही कळते. गणिताचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

पाळावयाची पथ्ये

काही गोष्टी मात्र काटेकोरपणे पाळल्या पाहिजेत. अन्नाशी खेळू नये, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे योग्य आहे. म्हणून जे मोजले ते शिजले पाहिजे, एक दाणाही वाया जाता कामा नये. पेरणीसाठी आणलेले, औषध लावलेले रंगीत बियाणे मुलांच्या हाती कधीही देऊ नये, ते विषारी असते. सोयाबीन कच्चे खाऊ देऊ नये. हरभरा, शेंगदाणे यांसारखे दाणे लहान भावंडांच्या नाकात किंवा घशात अडकतात, म्हणून रांगणारे मूल जवळ असेल तर अधिक दक्ष राहावे. पेटती चूल, उकळते तेल आणि विळी ही कामे मोठ्यांनीच करावीत.

हे काम मुलींवर ढकलू नये. मुलगा भाकरीचे पीठ मोजेल तर त्याचे गणित सुधारेल आणि बहिणीचा भारही हलका होईल. मुलाला शिकवण्याच्या नावाखाली त्याच्याकडून घरकाम करून घेणे हा आपला हेतू नाही. दिवसभर मजुरी करून दिवेलागणीला परतणाऱ्या मातेकडून तासभराची अपेक्षा कोणी करू नये. पीठ मळताना विचारलेला एक प्रश्न त्या दिवसापुरता पुरेसा आहे.

शिक्षकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. "काल घरी काय जेवलास ?" हा प्रश्न वर्गात सर्वांसमोर विचारू नका. काही घरांत त्या प्रश्नाचे उत्तर फार थोडे असते आणि मुलाला ते लपवावे लागते. महागडे जिन्नस लागतील असा एकही उपक्रम देऊ नका.

कामासाठी बाहेरगावी जाणारी कुटुंबे आपल्या जिल्ह्यात आहेत. जाताना पुस्तक मागे राहते, पण चूल त्यांच्याबरोबर जाते. त्या चुलीजवळचे शिक्षण मुलाचा अभ्यासाशी संबंध टिकवील. तरीही ते शाळेची जागा घेऊ शकत नाही. अशा मुलाला जेथे मुक्काम असेल तेथील शाळेत प्रवेश मिळणे हा त्याचा कायद्याने दिलेला हक्क आहे. शिक्षण हमी कार्ड त्यासाठीच असते. गाव सोडण्यापूर्वी ते शाळेतून मागून घ्यावे.

शेवटी एक छोटी योजना सुचवतो. सुटीत प्रत्येक मुलाने एक वही ठेवावी : आठवड्यातून एक मोजमाप, एक निरीक्षण आणि घरातील मोठ्या माणसाने सांगितलेली एक पाककृती. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात या वह्या वर्गात वाचाव्यात आणि ज्यांनी ती माहिती सांगितली त्या माता व आज्या यांना ऐकायला बोलवावे. आपले शब्द मुलाच्या वहीतून वाचले जात आहेत, हे ज्या मातेने एकदा ऐकले, ती "आम्ही काय शिकवणार ?" असे पुन्हा म्हणणार नाही. ही वही प्रत्येक घरात सुरू व्हावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.