एका पिकाचे बेट

श्रोतेहो, ज्याचा सारा संसार एकाच पिकावर, त्याला एक वादळही भारी पडतं. मॉरिशस बेट उसावर जगत होतं. आपली मराठी माणसंही तिथं मजूर म्हणून गेली. १९६० च्या चक्रीवादळांनी तो ऊस झोपवला. पुढच्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी बजावलं, की माणसं वाढताहेत. नवी कामं निघाली नाहीत तर दिवस कठीण आहेत.

पण नुसत्या आमंत्रणानं भांडवल येत नाही. १९६४ मध्ये कर्ज देणारी विकास बँक निघाली. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९७० च्या कायद्यानं निर्यातीचा माल करणाऱ्या कारखान्यांना कर आणि जकातीत सवलत मिळाली. परक्यांचा पैसा आला, तसा मळेवाल्यांचा साखरेचा नफाही त्यात उतरला. कापडाचे कारखाने उभे राहिले. कित्येक बायकांच्या हाती पहिल्यांदाच पगार पडला.

सवलत मात्र जन्माची नसते. २००५ मध्ये जागतिक कापडव्यापारातले कोटे उठले, आणि स्पर्धेत अनेकांची कामं गेली. २०१८ पासून आर्थिक विकास मंडळ नव्या धंद्यांसाठी गुंतवणूक आणण्याचं काम पाहतं.

गुरुजनहो, नकाशातला हा ठिपका मुलांना दाखवाल, तेव्हा ही गोष्टही सांगा. आणि आपल्या गावचा संसार किती पिकांवर उभा आहे, तेही त्यांना मोजायला लावा.