वस्तानची राळ
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आत्ता आरतीला धूप घातला, त्यात राळ असते. राळ म्हणजे सालवृक्षाचा चीक. आज त्या चिकाचीच गोष्ट सांगणार आहे.

आपल्यापैकी बहुतेक खानदेशातले. दोन-तीन पिढ्या भेस्तान-उधन्यात गेल्या. सुरतेचा उकाडा आपण नेहमी धुळ्याच्या उन्हाशी ताडून पाहतो. पण खरा उकाडा पाहायचा तर सुरतेच्या ईशान्येला तीसेक किलोमीटरवर, मांगरोळ तालुक्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत डोकवावं. तळाशी आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण, आणि त्यावर पाच कोटी वर्षांहून जुन्या दलदली जंगलाचा कोळसा.

त्या काळाला इओसीन म्हणतात. हिमालय उभा राहिलेला नव्हता. भारताची भूमी विषुववृत्ताजवळून आशियाकडे सरकत होती. पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्यापेक्षा दहा अंशांहून अधिक होतं, ध्रुवांवर बर्फाचे थर नव्हते. उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवर मगरींचे नातलग राहत. वस्तानच्या जंगलात सालाच्या कुळातली झाडं होती. त्यांच्या चिकात मुंग्या, वाळवी, माश्या अडकल्या आणि चीक घट्ट होऊन अंबर झाला. 2010 साली शास्त्रज्ञांनी या अंबरातल्या सातशेहून अधिक कीटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकट्या बेटावरचे म्हणून ते जगावेगळे असतील असा अंदाज होता. निघाले मात्र युरोप-आशियातल्या कीटकांचे भाऊबंद! माणसांप्रमाणे किडेही तेव्हा स्थलांतर करत होतेच म्हणायचे. याच खाणीत घोडा-गेंड्यांच्या पूर्वजांचा आप्त असलेला कॅम्बेथेरियम सापडला.

“पृथ्वी पूर्वीही तापली होती, मग आताच काळजी कशाला?” असं मुलं विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण त्या युगाच्या उंबरठ्यावर पाच अंश तापायला काही हजार वर्षं लागली. आपण दोन-अडीचशे वर्षांतच हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 280 वरून 420 च्या पुढे नेला. जंगल सरकायला, किनाऱ्यावरच्या माणसाला उठायला तेवढा वेळ पुरत नाही. तापीच्या मुखाशी राहणाऱ्यांना, 2006 चा पूर पाहिलेल्यांना, पाणी चढणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आणि हे जंगल नुसतं जमिनीत पडून नाही. वस्तानचा लिग्नाइट नानी नरोलीच्या वीजकेंद्रात जळला. गंमत अशी की खाण खणली नसती तर अंबरही दिसला नसता. ज्या खड्यांवर कुणाची नजर पडली, ते लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत पोहोचले. उरलेली राळ कोळशाबरोबर भट्टीत गेली.