गोदामातील पाऊल

गोदामात काम करणाऱ्याची नजर डोक्याहून उंच रचलेल्या थप्पीवर असते. घाव मात्र पुष्कळदा पावलावर बसतो. हातातून निसटलेली पेटी, मालाने लादलेली हातगाडी आणि मोडक्या फळीतला खिळा हे पावलाचे नित्याचे वैरी होत. फोर्कलिफ्ट मागील चाकांनी वळते. त्यामुळे वळताना तिची पिछाडी बाहेर येते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे पाऊल चाकाखाली सापडते.

भारतीय मानक 15298 प्रमाणे बनविलेल्या सुरक्षा-बुटाच्या पुढील टोपीने 200 जूलचा आघात सोसला पाहिजे. म्हणजे सुमारे 20 किलोचे ओझे 1 मीटरवरून पडले तरी बोटे वाचावीत. साध्या चपलेकडून ही अपेक्षा कशी करावी?

तथापि बूट हा शेवटचा उपाय होय. माणसांची व गाड्यांची वाट आधी वेगळी आखावी, जड माल खालच्या फळीवर ठेवावा, खिळे तत्काळ उपटावेत. खिळा रुतलाच तर धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांस त्वरित विचारावे.

हमाल रोजंदारीचा असला तरी त्याचे पाऊल जायबंदी झाल्यावर घरची चूल थंडावते. मालाचा विमा उतरविणाऱ्या धन्याने बुटांच्या जोडाचा खर्च जड मानू नये.