पुस्तकांची गर्दी आणि फळीची शोभा

ज्या घरात वाचणारा माणूस राहतो, त्या घरातील लिहिण्यावाचण्याच्या खोलीत पुस्तकांची संख्या वाढत जाते. फळ्यांची संख्या मात्र त्या मानाने वाढत नाही. प्रारंभी पुस्तके उभी असतात, शिस्तीत असतात. मग उभ्या पुस्तकांच्या माथ्यावर आडवी पुस्तके येऊन विसावतात. पुढे एका रांगेपुढे दुसरी रांग लागते आणि अखेरीस खिडकीचा कठडा, टेबलाखालची जागा, खुर्चीची बैठक हीही पुस्तकांच्या ताब्यात जाते. पाहुणा आला की यजमान खुर्चीवरचा ढीग उचलून जमिनीवर ठेवतात आणि हसत म्हणतात, "काय करणार, जागा कमी पडते!" या उद्गारात तक्रार थोडी आणि अभिमान अधिक असतो. त्या ढिगावरची धूळ ज्यांना झटकावी लागते, त्यांच्या मुद्रेवर मात्र हा अभिमान सहसा दिसत नाही.

फळ्या दिसतात कशा, हा प्रश्न कित्येकांना क्षुल्लक वाटेल. पुस्तक वाचायचे असते, पाहायचे नसते, असे ते म्हणतील. परंतु कामाच्या खोलीत आपण दिवसाचे चार-सहा तास काढतो, आणि लेखणी थांबली की आपली दृष्टी समोरच्या भिंतीवर जाते. तेथे जर ओसंडून वाहणारी, वाकडीतिकडी, एकमेकांना रेटणारी पुस्तके असतील, तर मनालाही त्या गर्दीचा शीण येतो. शिवाय त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जी फळी वाईट दिसते ती बहुधा वाईट चालतही असते. हवे असलेले पुस्तक मागच्या रांगेत आहे हे ठाऊक असूनही केवळ पुढची दहा पुस्तके हलवण्याच्या कंटाळ्याने आपण ते पाहत नाही. अशा वेळी ते पुस्तक आपल्या घरात असून नसल्यासारखेच असते.

म्हणून फळीच्या शोभेची मी एक साधी कसोटी मानतो. फळीवरचे कोणतेही पुस्तक, दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला धक्का न लावता, एका हाताने काढता आले पाहिजे आणि एका हाताने परत ठेवता आले पाहिजे. ही कसोटी जी फळी उतरते ती सहसा सुंदर दिसते. आणि जी उतरत नाही तिला कितीही सजवले तरी तिची कळा पालटत नाही.

सजावटीचे उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. कोणी कपाटाला पडदा लावायला सांगतात, कोणी काचेची दारे बसवायला. कोणी पुस्तके रंगांनुसार लावतात. मग तांबड्या पुठ्ठ्याचे व्याकरण तांबड्या पुठ्ठ्याच्या पाकशास्त्राशेजारी जाऊन बसते आणि शोधणाऱ्याला विषयाऐवजी रंग आठवत बसावे लागते. कोणी मध्ये एखादी फुलदाणी किंवा पितळी मूर्ती ठेवतात. यांपैकी कोणताच उपाय त्याज्य नाही. पण गच्च भरलेल्या फळीवर फुलदाणी ठेवायची तर आधी तिच्यापुरती पुस्तके काढावी लागतात. म्हणजे खरा उपाय काढण्यात आहे. फुलदाणी हे त्याचे निमित्त.

आधी फळीकडेच पाहू. भरलेल्या कपाटाला जी अवकळा येते तिच्यात पुस्तकांइतकाच वाटा वाकलेल्या फळीचा असतो. आपल्या सामान्य आकाराच्या पुस्तकांनी भरलेल्या तीन फुटी फळीवर सुमारे २५-३० किलो भार सहज पडतो, आणि तो वर्षानुवर्षे हलत नाही. यात एक गणित आहे. फळीच्या प्रत्येक फुटावरचा भार तोच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर तिचा झोल दुप्पट होत नाही, सोळापट होतो. दोन फुटांच्या जागी तीन फुटांची फळी घेतली तरी झोल सुमारे पाचपट वाढतो. उलट, जाडी दुप्पट केली की झोल आठव्या हिश्श्यावर येतो. सुताराकडून नवे कपाट करून घेताना लांबलचक अखंड फळ्यांचा मोह म्हणून आवरावा. दोन-अडीच फुटांवर उभा आधार आला की फळी सरळ राहते, आणि फळी सरळ राहिली की अर्धी शोभा आपोआप येते. जुनी फळी वाकली असेल तर मधोमध एक उभी पट्टी ठोकून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

पुस्तकांच्या या गर्दीने केवळ आपल्यालाच गाठले आहे असे नाही. इंग्लंडच्या आरमारी खात्यातील अधिकारी सॅम्युअल पीप्स याने १६६६ साली आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे की, पुस्तके फार वाढली असून ती खुर्च्यांवर एकावर एक साचली आहेत. त्याने सुताराला बोलावून कपाटे करवून घेतली. पुढे आयुष्यभर तो आपला संग्रह घडवीत राहिला. १७०३ मध्ये तो वारला, तेव्हा बारा कपाटांत सुमारे ३,००० ग्रंथ होते. केंब्रिजच्या मॉड्लिन कॉलेजात ते आजही जतन केलेले आहेत. पीप्सने पुस्तके उंचीनुसार लावली होती, आणि एखादे पुस्तक शेजाऱ्यापेक्षा ठेंगणे निघाले तर त्याच्याखाली बांधणीला शोभेलसा लाकडी ठोकळा बसवला होता! माथ्याची रेषा एकसारखी दिसावी म्हणून केलेला हा खटाटोप पाहून हसू येते. पण त्याचे दुसरे वैशिष्ट्य अनुकरणीय आहे. आपला संग्रह एवढाच असावा अशी मर्यादा त्याने मनाशी आखून घेतली होती.

दुसरे उदाहरण ग्लॅडस्टनचे. चार वेळा इंग्लंडचे प्रधानमंत्रिपद भूषवणाऱ्या या गृहस्थाने १८९० साली पुस्तके आणि त्यांची घरातील व्यवस्था या विषयावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. चाळीस फूट लांब व वीस फूट रुंद खोलीत, ती खोली बसण्याजोगी ठेवूनही, सुमारे २०,००० ग्रंथ कसे मावतील याचा हिशेब त्याने त्यात मांडला आहे. परंतु मला त्या निबंधाहून त्याची कृती मोलाची वाटते. ऐंशीच्या घरात पोचलेल्या ग्लॅडस्टनने आपल्या गावी, हॉर्डन येथे, इतरांना वाचता यावे म्हणून आपले हजारो ग्रंथ देऊन ग्रंथालय उभारले, आणि त्यांतले कितीतरी एकचाकी हातगाडीवर घालून स्वतः तेथे नेले. जागा किती मावेल याचा हिशेब करणाऱ्यालाही शेवटी देण्याचाच मार्ग धरावा लागला.

आता आपल्या मराठी घरातील गर्दी कशाची असते ते पाहावे. तीत वाचनाची पुस्तके असतातच. पण त्यांबरोबर मुलांची मागच्या इयत्तांची पाठ्यपुस्तके असतात, परीक्षांची मार्गदर्शके असतात, समारंभात भेट मिळालेल्या प्रती असतात, एकाच पुस्तकाच्या दोन-दोन आवृत्त्या असतात. आणि असतात दिवाळी अंक! का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे. दिल्ली, इंदूर, बडोदे, हैदराबाद, जेथे जेथे मराठी माणूस गेला तेथे तेथे ती त्याच्यामागून गेली. हे अंक आकाराने मोठे, अंगाने लवचिक. उभे ठेवले की कंबरेत वाकतात, आडवे ठेवले की घसरतात. फळीची रेषा बिघडवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. त्यांतले जे ठेवायचेच असतील ते वर्षवार पुठ्ठ्याच्या पेट्यांत ठेवावेत आणि पेटीवर साल लिहावे. एखाद्या अंकातील एकच लेख हवा असेल, तर तेवढाच कापून धारिकेत लावावा.

निवड करताना सगळे कपाट एकदम रिकामे करू नये. संध्याकाळ होते, जमिनीवर डोंगर तसाच असतो, आणि मग सारे पुन्हा कसेतरी कोंबले जाते. एका दिवशी एकच फळी घ्यावी. तिच्यावरची पुस्तके उतरवावीत, फळी कोरड्या फडक्याने पुसावी आणि पुस्तकांचे चार वाटे करावेत. पहिला, ज्यांच्यावाचून आपले रोजचे काम अडते अशांचा. दुसरा, पुन्हा वाचावीशी वाटतील अशांचा. तिसरा, ज्यांच्याशी आपली आठवण जडली आहे अशांचा. वडिलांच्या हस्ताक्षरातले नाव असलेला शब्दकोश कोणी मोडीत काढू नये. आणि चौथा, ज्यांना आता दुसऱ्या घरी अधिक मान मिळेल अशांचा. चौथा वाटा प्रथम लहान असतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या फळीपर्यंत हात मोकळा होतो.

येथेच मन अडखळते. पुस्तक घराबाहेर घालवणे हे आपल्याला विद्येचा अवमान केल्यासारखे वाटते. दसऱ्याला ज्यांच्यावर हळदकुंकू वाहिले ती पुस्तके दारापलीकडे कशी जाऊ द्यायची? ही भावना खोटी नाही. परंतु ग्रंथालयशास्त्राचे भारतीय आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली जी पंचसूत्री मांडली तिच्यातले पहिलेच सूत्र ग्रंथ वापरासाठी असतात असे सांगते, आणि तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे बजावते. मागच्या रांगेत वीस वर्षे अंधारात असलेल्या पुस्तकाला आपण त्याच्या वाचकापासून तोडून ठेवले आहे, या दृष्टीने पाहिले म्हणजे देणे हा अवमान वाटत नाही.

महाराष्ट्रात या देण्याची मोठी परंपरा आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह १९१७ साली पुण्यात त्यांच्याच नावाने निघालेल्या प्राच्यविद्या संशोधन मंदिराला दिला. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. अशा संस्थांच्या कपाटांत कितीतरी घरांतून आलेले ग्रंथ नांदत आहेत. मात्र देताना विचारून द्यावे. ग्रंथालयाला आपल्या घरची अडगळ नको असते. फाटके, कसर लागलेले, कालबाह्य झालेले पुस्तक तेथे पाठवून आपण केवळ ओझ्याची जागा बदलतो. आधी यादी पाठवावी आणि त्यांना जे हवे तेवढेच द्यावे. उरलेली पुस्तके शेजारच्या विद्यार्थ्याला, बदलीच्या गावी एकट्या पडलेल्या वाचकाला, शाळेच्या पेटीला उपयोगी पडतात.

हे काम पुढे ढकलण्यात एक धोका आहे आणि तो बोलून दाखवलेला बरा. संग्रह करणारा गेला की त्याच्या पुस्तकांचा निर्णय दुःखात असलेल्या आणि त्या विषयाशी अपरिचित असलेल्या माणसांवर येऊन पडतो. कोणते पुस्तक दुर्मिळ आणि कोणते सहज मिळणारे हे त्यांना कसे कळावे? मग सारेच एका वजनात रद्दीच्या तागडीत जाते. चाळीस वर्षांची निवड एका दुपारी संपते. ज्याने पुस्तके प्रेमाने जमवली, त्यानेच, हात चालतात तोवर, त्यांची पुढची घरे शोधावीत; निदान कोणते पुस्तक कोणाला द्यायचे याची यादी करून ठेवावी.

आज आणखी एक सोय झाली आहे. मराठी विश्वकोशाचे खंड आणि मोल्सवर्थचा शब्दकोश संकेतस्थळावर पाहता येतात. जड संदर्भग्रंथ घरी असावाच असा आग्रह त्यामुळे सैल करता येईल. ज्याला पाने उलटताना शेजारचा शब्द भेटण्याची गोडी आहे त्याने तो अवश्य ठेवावा. परंतु मग तो हाताशी ठेवावा, माळ्यावर नव्हे.

राहिलेली पुस्तके लावताना विशेष कौशल्य लागत नाही. जड व मोठी पुस्तके खाली, हलकी वर. बसल्या जागेवरून हात पोचेल त्या फळीवर कामाचे ग्रंथ. विषय एकत्र ठेवावा, आणि विषयाच्या आत उंच पुस्तके एका टोकाला घेऊन उतरत यावे. पीप्सच्या ठोकळ्यांवाचूनही रेषा पुरेशी नीट दिसते. पुस्तके भिंतीपर्यंत आत न ढकलता सर्वांचे कणे फळीच्या कडेपासून बोटभर आत, एका ओळीत आणावेत. या एका गोष्टीने जेवढा पालट होतो तेवढा नव्या रंगानेही होत नाही. पानांतून डोकावणारे कागदाचे कपटे काढावेत. आणि प्रत्येक फळीचा सुमारे पाचवा हिस्सा रिकामा सोडावा. तेथे पुस्तके कलंडू नयेत म्हणून टेकू द्यावा. फुलदाणीची हौस असेल तर ती आता पुरवावी.

ही मोकळीक डोळ्यांना जेवढी हवी तेवढीच पुस्तकांनाही हवी असते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा इतकी दमट होते की घट्ट कोंबलेल्या पुस्तकांवर बुरशी धरते आणि कसर लागते. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढावे, खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच असावी, आणि बाहेरच्या ओल्या भिंतीशी कपाट लावूच नये. काचेच्या दारांनी दिल्लीकडची धूळ अडते, पण कोकणात ती पावसाळ्यातल्या कोरड्या दिवशी उघडून ठेवावी लागतात. उन्हाची तिरीप थेट कण्यांवर पडली तर रंग उडतो. म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळावी. दसऱ्याच्या आधी, पाऊस ओसरल्यावर, वर्षातून एकदा प्रत्येक पुस्तक हाताळावे, झटकावे, पाने वाऱ्यावर धरावीत. त्या निमित्ताने निवडही होते आणि विसरलेले एखादे पुस्तक पुन्हा वाचनात येते.

फळीवर सोडलेली ती रिकामी जागा काही दिवस डोळ्यांना खटकेल आणि काहीतरी ठेवून ती भरून टाकावी असा मोह होईल. तो आवरावा. पुढच्या महिन्यात आपण एखादे पुस्तक आणणार आहोत, एखादा मित्र एखादे देणार आहे. त्याला उभे राहायला जागा लागेल, आणि ती आपण आधीच करून ठेवलेली असेल.