मोटारीतील ध्वनियंत्रणेची सुधारणा

मलकापूर-खामगाव हमरस्त्याने अथवा मेहकर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाने मोटार वेगात धावू लागली, की चाकांच्या घरघरीत गाण्यातील मंद्र स्वर प्रथम लुप्त होतात आणि मालक आवाज वाढवीत जातो. वस्तुतः दोष बहुधा कारखान्याने बसविलेल्या हलक्या स्पीकरांत व पोकळ दरवाजांत असतो. यास्तव प्रथम दरवाजांच्या पत्र्यास आतून कंपशोषक थर द्यावा, नंतर स्पीकर बदलावेत, आणि ॲम्प्लिफायरचा विचार सर्वांत शेवटी करावा. खरेदीच्या वेळी वेष्टनावरील कमाल शक्तीच्या ठळक आकड्यास न भुलता, अखंड पेलणारी शक्ती, म्हणजे आरएमएस वॅट, पाहावी. 12 व्होल्टच्या बॅटरीवर 300 वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीने चालताना किमान 25 अँपिअर प्रवाह ओढतो. सबब त्याची जाड तार थेट बॅटरीपासून आणून बॅटरीलगतच फ्यूज बसवावा, अन्यथा तार तापून आग लागण्याचा संभव असतो. मूळ तारा कापल्यास हमीचा हक्क धोक्यात येतो, हेही ध्यानी असावे. आवाज स्वच्छ असावा. परंतु मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल, इतकाच असावा.