पथ्याच्या ताटातला एकटेपणा



कापसाचा वेचा सुरू झाला की वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या ओपीडीत हात पुढे करणाऱ्या बायका वाढतात. बोटांची मधली पेरं सुजलेली, मूठ वळत नाही, सकाळी तास-दीड तास हात आखडलेले. अशीच एक बाई मला म्हणाली होती, "डॉक्टरसाहेब, भाकर थापता येत नाही, मंग मी घरात कायच्या कामाची?" आपण डॉक्टर तिच्या रक्तातला आरए फॅक्टर पाहतो, आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) गोळी मेथोट्रेक्झेट लिहितो. या प्रश्नाला मात्र केसपेपरवर जागा नसते.

1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोपडा यांच्या चमूने घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या सुमारे 18 प्रौढांना सांधे-स्नायूंचा त्रास निघाला. त्यातला आमवात थोड्यांनाच, पण तो बायकांना जास्त गाठतो. 2013 मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा आमवाताच्या रुग्णांपैकी सुमारे 17 टक्क्यांना नैराश्याचा आजार (मेजर डिप्रेशन) असल्याचं दिसलं. याचं कारण केवळ "दुखतं म्हणून उदास" इतकं सरळ नाही. सांधे सुजवणारी आयएल-6 आणि टीएनएफसारखी द्रव्यं मेंदूवरही परिणाम करतात. झोप मोडते, आणि झोप मोडली की तीच वेदना दुप्पट वाटते. उदास माणूस गोळ्या चुकवतो. मग सूज पुन्हा चढते.

आता ताटाकडे येतो, कारण इथं आपल्याकडूनही नुकसान होतं. "वातूळ" म्हणून तुरीची डाळ बंद, "आंबट" म्हणून दही बंद, वांगं तर कधीचंच बंद. मुळात आपल्या बायका सगळ्यांच्या मागून जेवतात, उरलेलं जेवतात. त्यातून डाळ-दही काढलं तर प्रथिनं कुठून येणार? आमवातात स्नायू आधीच झडत असतात. डाळीने आमवात वाढतो याला भक्कम पुरावा नाही. शिवाय पंगतीत, सणाला, लेकीच्या घरी पथ्यावरच्या बाईसाठी वेगळं वाढलं जातं आणि हळूहळू ती जायचंच टाळते. या एकटेपणाची जबाबदारी मी पथ्य सांगणाऱ्यांवर टाकतो, आणि त्यात आपणही आहोत.

ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी हे आपलंच जेवण चांगलं आहे. जवसात ओमेगा-3 आहे. माशातल्याइतकं ते शरीराला लागू पडत नाही, म्हणून त्याला औषध म्हणू नका, पण खाऊ द्या. गुडघेदुखीत वजनाचं सांगा: एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पुडीतल्या "जडीबुटी"ने दोन दिवसांत आराम पडला, तर त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय घ्या.

शेतकरी आत्महत्यांमुळे जाहीर झालेल्या 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत आपला वर्धा होता. तेव्हापासून मनाच्या आजाराची चर्चा शेतकरी पुरुषाभोवती फिरली, ते योग्यच होतं. त्याच घरातली सुजल्या हातांची बाई त्या चर्चेत फारशी आलीच नाही.

म्हणून या सभेच्या दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. सांधेदुखीच्या प्रत्येक केसपेपरवर चार ओळी छापाव्यात: झोप किती लागते, गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं झालं का, उदास वाटतं का, आणि काल काय-काय खाल्लं. उत्तर काळजीचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक तिथंच लिहून द्यावा. आणि मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तेव्हा तिचा वार मराठीत, ठळक अक्षरांत लिहावा.