रोज नाही, सणालाच घेते!

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंनी विचारलं, "रोज कुठे घेते मी? सणाला तेवढी मोहाची घेतली. पोटातल्या बाळाला एवढ्यानं काय होणार?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज आम्ही त्याचं उत्तर घेऊन आलोय, आणि ते चक्क उंदरांकडून आलंय.

गरोदर बाईला दारू पाजून कुणी प्रयोग करत नाही, करूही नये. शिवाय आपल्याकडे दारूच्या जोडीला उपासमार, तंबाखू, मारझोडही असते. बाळाचं नुकसान नेमकं कशानं झालं, कसं ओळखणार? म्हणून हा अभ्यास उंदरांवर होतो. कुणी दारू पातळ खाद्यात मिसळतं, कुणी नळीनं पोटात सोडतं, कुणी सुई टोचतं, कुणी पेटीत तिची वाफ सोडतं. नळीनं मोजून देता येते, पण जनावर घाबरतं आणि त्या भीतीचाही गर्भावर परिणाम होतो. खाद्यातून दिली, तर मादी खातेच कमी. मग जोडीला दुसरी मादी ठेवतात. पहिलीनं खाल्लं तेवढंच हिला, फक्त दारूऐवजी तितकीच ताकद देणारी साखर. आता पिल्लांत फरक दिसला, तर "आई जेवली नाही म्हणून" असं म्हणायला जागा नाही. आम्हाला ही युक्ती फार आवडली.

ताईंचं उत्तर मात्र पुढे आहे. माणसाच्या बाळाचा मेंदू शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्यानं वाढतो. उंदरांत तो काळ जन्मानंतर येतो. म्हणून १९९० साली अमेरिकेत बॉन्थियस आणि वेस्ट यांनी नवजात पिल्लांनाच दुधातून, नळीनं दारू दिली. काही पिल्लांना वजनाच्या किलोमागे दिवसाला ६.६ ग्रॅम, पण बारा वेळा विभागून. काहींना ४.५ ग्रॅमच, पण दोन किंवा चार वेळांत. मेंदूचं नुकसान जास्त कुणाचं झालं? कमी दारू मिळालेल्यांचं! एकदम पोटात गेली, की रक्तात तिचं प्रमाण फार वर चढतं.

म्हणजे ताई, सणाची एक रात्रही लहान नाही. थोडी थोडी रोज चालते, असाही अर्थ काढू नका. गरोदरपणात चालेल असं माप कुठल्याच डॉक्टरकडे नाही. आधी घेतली असेल, तर घाबरून लपवू नका. आजपासून थांबवा आणि पुढच्या तपासणीला नर्सताईंना सांगा. त्या रागावल्या, तर आम्हाला कळवा.